प्रवासी किती, माणसं किती?

(मंचाच्या नोव्हेना इथल्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्या आग्रहावरून इथे देत आहोत.)



'मोठ्या विमानतळांवरच्या प्रवासीसंख्येतले बदल' असा विषय कळवला गेल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की हा विषय आपल्या मंचाचा कसा काय? आपण जातीबद्दल बोलतो, शिक्षणाबद्दल बोलतो, धर्म आणि राजकारण यांच्या गुंत्याबद्दल बोलतो. विमानतळ म्हणजे व्यवस्थापनवाल्यांचा आणि बांधकामवाल्यांचा विषय. प्रश्न योग्य आहे, पण माझं उत्तरही साधं आहे. आपण परदेशस्थ मराठी माणसं देवळात जाऊ किंवा जाणार नाही, महाराष्ट्र मंडळात जाऊ किंवा जाणार नाही. विमानतळावर मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला जावंच लागतं. आणि दरवर्षी जानेवारीत 'यंदा इतके कोटी प्रवासी, नवा विक्रम' अशी बातमी येते, तेव्हा त्या कोटींमध्ये आपण असतो. ज्या आकड्यात आपण मोजले गेलो आहोत, त्यात आणखी कोण आहे आणि कोण नाही हे विचारणं मला आपलं काम वाटतं.

सुरुवात आकड्यापासूनच करू. विमानतळ जेव्हा 'प्रवासी' मोजतो, तेव्हा तो माणसं मोजत नाही, जाणं-येणं मोजतो. समजा मी पुण्याला आईला भेटायला मुंबईमार्गे गेलो आणि परत आलो. चांगीवर मी जाताना एकदा मोजला गेलो, मुंबईत उतरताना एकदा, मुंबईहून निघताना एकदा आणि चांगीवर परतताना एकदा. माणूस एक, पण दोन विमानतळांच्या खात्यांवर मिळून प्रवासी चार. वर्षातून दोन फेऱ्या करणारं चौघांचं कुटुंब म्हणजे ३२ प्रवासी! मुंबईहून सिडनीला जाणारा माणूस चांगीवर फक्त विमान बदलतो, शहरात पाऊलही टाकत नाही, पण येताना एक आणि जाताना एक असा दोनदा मोजला जातो. यात कुणाची लबाडी नाही. धावपट्टी, सामानाचे पट्टे, तपासणीच्या रांगा यांवर भार किती पडतो हे कळायला हीच पद्धत उपयोगी आहे. फक्त 'सात कोटी प्रवासी' ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सात कोटी चेहरे उभे राहतात, ते राहू देऊ नयेत.

आता चांगीचा आलेख बघू. हा विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाला. २००२ मध्ये तिथे सुमारे २ कोटी ९० लाख प्रवासी झाले. २०१९ मध्ये ६ कोटी ८३ लाख. सतरा वर्षांत दुपटीपेक्षा बरंच जास्त. या वाढीची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. २००४ नंतर स्वस्त विमानकंपन्या आल्या, २००६ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं बजेट टर्मिनल उघडलं, २००८ मध्ये तिसरं टर्मिनल आलं. चीन, भारत आणि इंडोनेशियातला मध्यमवर्ग प्रवासाला निघाला. पुढे बजेट टर्मिनल पाडून त्या जागी २०१७ मध्ये चौथं टर्मिनल उभं राहिलं. रेघ चढतच गेली.

पण मला आज चढाबद्दल कमी आणि उतारांबद्दल जास्त बोलायचं आहे. आकडे वाढतात तेव्हा श्रेय घ्यायला सगळे पुढे येतात. आकडे पडतात तेव्हा खरी रचना दिसते, कारण पडझडीचा भार कुणावर गेला हे तेव्हाच कळतं.

पहिला मोठा उतार २००३ चा. त्याचा संबंध आपण आज जिथे बसलो आहोत त्या नोव्हेनाशीच आहे. हाँगकाँगहून परतलेल्या एका प्रवासी तरुणीला १ मार्च २००३ रोजी इथल्या टॅन टॉक सेंग रुग्णालयात दाखल केलं गेलं. आजाराला तोवर नावही नव्हतं. पुढे तो सार्स म्हणून ओळखला गेला. २२ मार्चपासून हे रुग्णालय सार्सच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आलं. सिंगापूरमध्ये एकूण २३८ जण आजारी पडले आणि ३३ जण दगावले. त्यांत आरोग्यसेवेत काम करणारे पाच जण होते. चांगीची वर्षाची प्रवासीसंख्या २ कोटी ९० लाखांवरून २ कोटी ४७ लाखांच्या आसपास आली. मे महिन्यात तर वाहतूक निम्म्याच्या आसपास होती. सिंगापूर एअरलाइन्सनं त्या वर्षी शेकडो कर्मचाऱ्यांना कमी केलं.

लगेच पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, चांगीनं ३ कोटींचा टप्पा ओलांडला. आलेखाकडे बघणारा म्हणेल, 'खड्डा छोटा होता, भरून निघाला.' आलेखात तो भरलाही. ज्यांची नोकरी गेली किंवा ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांच्यासाठी मात्र २००४ ची रेघ काही परत आणणारी नव्हती. तरी एक गोष्ट सिंगापूरनं मनापासून केली, ती कबूल करायला हवी. सार्सचा धडा विसरला गेला नाही. त्याच नोव्हेनात, त्याच रुग्णालयाला लागून, ३३० खाटांचं राष्ट्रीय संसर्गजन्य रोग केंद्र २०१९ मध्ये अधिकृतपणे सुरू झालं. काही महिन्यांतच त्याची गरज पडणार होती.

त्याआधी मुंबईकडे वळू, कारण तिथल्या उतारांची कारणं निराळी आहेत. मुंबईचे आकडे आर्थिक वर्षाचे, म्हणजे एप्रिल ते मार्चचे असतात. २००६ मध्ये विमानतळ खासगी कंपनीकडे गेला, त्या सुमारास वर्षाला सव्वादोन कोटी प्रवासी होते. २००७–०८ मध्ये २ कोटी ५९ लाख. २००८–०९ मध्ये ते २ कोटी ३४ लाखांवर आले. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलानं पिंपाला १४७ डॉलरचा उच्चांक गाठला होता, मग जागतिक मंदी आली, आणि नोव्हेंबरात आपल्या शहरावर दहशतवादी हल्ला झाला. दुसरा छोटासा उतार २०१२–१३ चा. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं जमिनीवर आली, कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले. तिसरा उतार जेट एअरवेज बंद पडल्यानंतरचा. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटनं शेवटचं उड्डाण केलं. २०१८–१९ मध्ये मुंबईत ४ कोटी ८८ लाख प्रवासी होते, पुढच्या वर्षी ४ कोटी ५९ लाखांच्या आसपास. त्यात शेवटच्या दिवसांतली करोनाची सावलीही आहे, पण घसरण आधीच सुरू झाली होती.

या दोन्ही कंपन्या मुंबईतल्या होत्या. अंधेरी, विलेपार्ले, कलिना, वाकोला इथल्या हजारो घरांचे हप्ते त्या पगारांवर चालले होते. पाठोपाठ दुसऱ्या कंपन्यांनी त्यांच्या उड्डाणांच्या वेळा घेतल्या, विमानं घेतली, प्रवासी घेतले. आकडा सावरला. जुन्या कर्मचाऱ्यांची थकलेली देणी मात्र कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिली. प्रवासी एका कंपनीकडून दुसरीकडे चटकन जातो, पन्नाशीतला मेकॅनिक तसा जाऊ शकत नाही.

आता २०२०. हा उतार नव्हता, कडा कोसळला होता. एप्रिल २०२० या संपूर्ण महिन्यात चांगीवर २५,२०० प्रवासी झाले. वर्षापूर्वीच्या त्याच महिन्यापेक्षा साडेनव्याण्णव टक्के कमी! मे महिन्यात दोन टर्मिनल बंद करून ठेवावी लागली. २०२१ या पूर्ण वर्षात ३० लाख ५० हजार प्रवासी, म्हणजे चांगीच्या सुरुवातीच्या वर्षांपेक्षाही कमी. भारतानं २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली, ती थेट २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. २३ एप्रिल २०२१ च्या मध्यरात्रीपासून भारतातून येणाऱ्या पासधारकांना सिंगापूरनं प्रवेश बंद केला. भारतात दुसरी लाट होती. ज्या विषाणूनं ती आणली त्याचा फैलाव आधी आपल्या विदर्भात लक्षात आला होता. त्याच सुमाराला इथे टॅन टॉक सेंगमध्ये आणि चांगी विमानतळावर, दोन्हीकडे रुग्णांचे समूह सापडले. २००३ मध्ये रुग्णालय आणि विमानतळ एकाच गोष्टीची दोन टोकं होती, २०२१ मध्येही तीच.

या खोलीत असे लोक बसले आहेत ज्यांनी त्या दोन वर्षांत आई किंवा वडील गमावले आणि अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. इथून गेलो तर नोकरीवर परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती. २०२१ च्या त्या ३० लाखांच्या आकड्यात आपली सर्वांत मोठी वेदना दडलेली आहे, आणि ती 'न केलेल्या प्रवासां'ची आहे. न केलेला प्रवास कोणताही विमानतळ मोजत नाही.

पण आपली वेदना सांगून झाल्यावर इथेच थांबलो तर आपण पुरोगामी कसले? ८ मे २०२० हा एक दिवस घ्या. 'वंदे भारत' मोहिमेतलं सिंगापूरहून निघालेलं पहिलं विमान त्या दिवशी दिल्लीत उतरलं. अडकलेल्यांना सरकारनं घरी नेलं, चांगलंच झालं. त्याच दिवशी पहाटे औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. भुसावळला गेल्यावर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला गाडी मिळेल अशी आशा होती. थकून रुळांवरच झोपले. घरी परतण्याची ओढ दोन्हीकडे तीच होती. एकाच्या ओढीसाठी विमान आलं, दुसऱ्याला रूळ धरून चालावं लागलं. त्या १६ जणांची नोंद कुठल्याच प्रवासीसंख्येत नाही.

आणि इथे, सिंगापुरात? वसतिगृहांत राहणारे सुमारे ३ लाख २३ हजार स्थलांतरित कामगार त्या वर्षी खोल्यांत कोंडले गेले. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनंच जाहीर केलं, की त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांना संसर्ग होऊन गेला होता. त्यांच्यावर उपचार झाले, मृत्यू फार थोडे झाले, हे श्रेय द्यायलाच हवं. पण आपण मुलांना घेऊन बागेत जायला लागलो तेव्हाही त्यांना ती मोकळीक नव्हती. वसतिगृहाबाहेर पडण्यासाठी परवाना घेण्याची अट २०२२ च्या जूनमध्ये उठली. विमानतळ ज्यांच्या हातांनी बांधला जातो तेच हे लोक. त्यांच्यातला एखादा दोन वर्षांच्या करारावर येतो आणि करार संपल्यावरच घरी जातो. चांगीच्या खात्यावर त्याचे दोन वर्षांत दोन प्रवास. वर्षातून दोन फेऱ्या करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याचे तेवढ्याच काळात आठ. तुम्ही म्हणाल, इतका कमी प्रवास करणाऱ्याचं विमानतळाला काय? अगदी खरं. म्हणूनच हा आकडा पाहून धोरण ठरवलं की त्यात आपल्या सोयी आपोआप येतात आणि त्याच्या येत नाहीत.

मंडळी, मला विमानाविरुद्ध बोलायचं नाही. तसं बोललो तर तुम्हीच विचाराल की बाबा, तू इथे पोहत आलास का? मला एवढंच म्हणायचं आहे की प्रमाण लक्षात ठेवू. करोनानंतर मुंबई लवकर सावरली, कारण तिथले बरेचसे प्रवासी देशांतर्गत आहेत. चांगीला देशांतर्गत प्रवासी नाहीतच, त्यामुळे २०२४ मध्येही ते ६ कोटी ७७ लाखांवर, म्हणजे २०१९ च्या किंचित खाली होतं. जुना विक्रम २०२५ मध्ये मोडला. मुंबईनं २०२४–२५ मध्ये साडेपाच कोटींचा टप्पा गाठला. वर्तमानपत्रांनी त्याचा गौरव केला. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. आपली एसटी दिवसाला ५० लाखांहून जास्त प्रवासी नेते. म्हणजे मुंबई विमानतळाचं अख्खं वर्ष एसटी दहा-अकरा दिवसांत वाहून नेते. मुंबईच्या लोकलला तर आठवडाभरच लागतो. एसटीचे कर्मचारी नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ संपावर होते. खेड्यातल्या मुलींची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना, बाजारचा दिवस, सगळं त्या काळात अडलं. त्या खड्ड्याचा आलेख आपल्यापैकी किती जणांनी पाहिला?

आकड्यांच्या खाली जमीनही असते. मुंबईच्या विमानतळाच्या जमिनीवर आणि कडेनं सुमारे ८० हजार झोपडीधारक कुटुंबं राहतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्यांच्या पुनर्वसनाच्या योजना आल्या, करार झाले आणि मोडले, कुटुंबं तिथेच राहिली. त्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवरून २०१८ मध्ये चोवीस तासांत हजारावर विमानांची ये-जा करून दाखवली गेली. कौतुकाची गोष्ट आहे, पण वाढीला मर्यादा आहे हेही त्यातून दिसतं. म्हणून नवी मुंबई.

नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं, आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची, पुढे ९ कोटींची. आपल्यातल्या पनवेल-वाशीच्या मंडळींना आनंद झाला, साहजिक आहे. या जमिनीवर उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी आगरी-कोळ्यांची दहा गावं होती. तीन हजारांवर कुटुंबं हलली. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. या भागातल्या लोकांना जमिनीचा न्याय्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले, आणि त्या लढ्यातून विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूमिपुत्रांना परत देण्याचं धोरण आलं. विमानतळग्रस्तांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले ते याच पायावर. पाटलांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. नावाचा आग्रह बरोबरच आहे. पण नावापलीकडचा प्रश्न असा, की त्या दहा गावांतल्या किती मुलामुलींना त्या विमानतळावर पक्की नोकरी मिळाली? सामान चढवण्याची आणि झाडलोटीची कंत्राटी कामं किती, आणि नियंत्रण कक्षातली, अभियंत्याची, व्यवस्थापकाची किती? २ कोटी प्रवाशांचा आकडा पूर्ण झाल्याची बातमी येईल, तेव्हा हा आकडाही शेजारी छापला गेला पाहिजे.

मग आपण करायचं काय? भाषणाच्या शेवटी मोठमोठे संकल्प सोडायची आपली सवय आहे. मी तीनच साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, 'विक्रमी प्रवासीसंख्या' अशी बातमी पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: ही माणसं आहेत की फेऱ्या? मागच्या पडझडीत ज्यांचं गेलं त्यांना काय मिळालं? आणि जमीन कुणाची होती?

दुसरी, आपल्यापैकी अनेकजण अशा क्षेत्रांत आहेत, की विमानतळांना सल्ला देतात, संगणकप्रणाली देतात, कर्ज देतात. तिथल्या बैठकीत कंत्राटी कामगारांच्या वेतनाचा आणि भूमिपुत्रांच्या प्रशिक्षणाचा मुद्दा मांडणारा एक तरी मराठी आवाज असावा. आपण बोललो नाही तर त्या टेबलावर दुसरं कुणी बोलणार नाही.

तिसरी, इथलीच. सिंगापुरात स्थलांतरित कामगारांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिचं नाव 'ट्रान्झिएंट वर्कर्स काउंट टू'. चार दिवसांसाठी आलेल्या कामगाराचीही गणती आहे, असा त्या नावाचा अर्थ. २००१ मध्ये एका इंडोनेशियन घरकामगार तरुणीचा मालकाच्या मारहाणीत मृत्यू झाला, त्या अस्वस्थतेतून ही मंडळी एकत्र आली. काम गेलेल्या, जखमी झालेल्या, पगार बुडालेल्या कामगारांना ते लिटल इंडियात मोफत जेवण देतात, कायद्याची मदत करतात. नोव्हेनाहून लिटल इंडिया कितीसं दूर आहे? त्यांना स्वयंसेवक लागतात, आणि हिंदी-तमिळ-बंगाली बोलणारी माणसं तर फारच लागतात. आपल्या मंचातून महिन्याला चार जण जरी नियमित गेले तरी मी आजचं भाषण सार्थकी लागलं असं समजेन. कागद इथे टेबलावर ठेवला आहे. त्यावर नाव आणि कोणता शनिवार जमेल तेवढं लिहा, पुढचं आपण ठरवू.